तापवला असता आणि तापवला असता तर

आमच्या संशोधनाच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट आहे. एका स्फटिकी क्षाराचे नमुने निरनिराळ्या तापमानांना तापवून त्यांतील पाणी केव्हा आणि किती निघून जाते, हे आम्ही मोजत होतो. सहा महिने भट्टी आणि तराजू यांच्यामध्ये येरझारा घातल्यावर हाती काही आकडे आले आणि आम्ही आयुष्यातला पहिला शोधनिबंध लिहायला बसलो. लिहायचे इंग्रजीत, पण वाक्ये मनात तयार होत होती ती मराठीत. मनातले वाक्य होते, 'नमुना दोनशे अंशांपर्यंत तापवला असता त्याचे वजन घटते.' कागदावर उतरले ते असे : 'इफ द सॅम्पल हॅड बीन हीटेड टु टू हंड्रेड डिग्रीज, इट वुड हॅव लॉस्ट वेट.'

निबंध परत आला. समासात परीक्षकाने एकच प्रश्न विचारला होता : मग तापवला का नाही?

त्या क्षणी आम्हाला त्याचा रागच आला. सहा महिने तापवण्याखेरीज आम्ही दुसरे केले काय होते! वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. 'हॅड' जागेवर होते, 'बीन' होते, क्रियापदाचे तिसरे रूप होते, पुढे 'वुड हॅव'ही होते. शाळेच्या परीक्षेत या वाक्याला पूर्ण गुण मिळाले असते. आणि तरीही ते वाक्य आमच्या कामाच्या नेमके उलट सांगत होते. 'नमुना तापवला असता तर त्याचे वजन घटले असते, पण आम्ही काही तो तापवला नाही,' असा त्याचा सरळ अर्थ होता.

ही चूक व्याकरणाची म्हणावी की विचाराची, हे आम्हाला बरेच दिवस ठरवता आले नाही. पुढे शिक्षकांच्या शिबिरांतून बोलण्याचे प्रसंग आले तेव्हा लक्षात आले, की मराठी माध्यमातून शिकलेली पुष्कळ मुले ही किंवा हिच्यासारखी चूक करतात आणि तिचे मूळ इंग्रजीत नसून आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांतील मराठीत आहे.

'धातू तापवला असता तो प्रसरण पावतो.' आपल्यापैकी प्रत्येकाने हे वाक्य शाळेत पाठ केले आहे. आता त्याच्या शेजारी दुसरे ठेवून पाहू : 'धातू तापवला असता तर तो प्रसरण पावला असता.' पहिल्यातील 'असता' आणि दुसऱ्यातील 'असता' दिसायला सारखे, उच्चारायलाही सारखे. पण ते दोन वेगळे शब्द आहेत. पहिला आहे तो कधीही न बदलणारा, 'तापवल्यावर', 'तापवले की' अशा अर्थाचा. वस्तू स्त्रीलिंगी असो, नपुंसकलिंगी असो, तो तसाच राहतो : तार तापवली असता, पाणी तापवले असता. दुसरा मात्र लिंगवचनाप्रमाणे फिरतो : तार तापवली असती तर, पाणी तापवले असते तर. वस्तू पुल्लिंगी एकवचनी असली की दोघे एकमेकांच्या अंगावर तंतोतंत बसतात, आणि आपला धातू, आपला खिळा, आपला गोळा, आमचा नमुना, सगळे नेमके पुल्लिंगी एकवचनी!

जुन्या छपाईत ही अडचण निम्मी कमी होती. पहिला शब्द 'असतां' असा अनुस्वार देऊन लिहीत आणि दुसरा अनुस्वाराविना. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले असे अनुस्वार गेले. लिहिणाऱ्यांचे श्रम वाचले याबद्दल आमची तक्रार नाही, पण त्या टिंबाबरोबर एक खूण पुसली गेली हे खरे. आज सातवीतल्या मुलाला या दोघांतला फरक कळण्यास केवळ पुढचा 'तर' आणि वाक्याचा शेवट यांचाच आधार उरतो.

घरी कोणी 'दूध तापवले असता उतू जाते' असे म्हणत नाही. आई म्हणते, 'दूध तापले की उतू जातं, लक्ष ठेव.' हा 'की' फार गुणी शब्द आहे. आपल्या व्याकरणकारांनी त्याला 'जर-तर'च्या पंक्तीला संकेतबोधक अव्ययांत बसवले ते योग्यच केले. एक घडले, की दुसरे घडतेच, नेहमी घडते, हे तो एका अक्षरात सांगतो. निसर्गनियम सांगायला याहून चांगले साधन मराठीत नाही, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला बोलीभाषेतला म्हणून बहुधा दाराबाहेर ठेवले आहे.

इंग्रजीत याच कामाला साधा वर्तमानकाळ दोन्हीकडे वापरतात : 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.' इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत याला शून्य क्रमांकाचे संकेतार्थी वाक्य म्हणण्याची पद्धत आहे. त्यापुढे पहिला, दुसरा, तिसरा असे आणखी तीन प्रकार येतात. शिक्षक फळ्यावर तक्ता काढतात, मुले सूत्रे पाठ करतात आणि कंसातील क्रियापदाचे योग्य रूप लिहून गुण मिळवतात. सूत्रे चुकीची नाहीत. पण सूत्र सांगते ते रूप कसे घडवायचे एवढेच. ते कोणत्या वेळी काढायचे, हे ते सांगत नाही. आमच्या निबंधाने आम्हाला शिकवले ते हेच.

म्हणून आम्ही सुचवतो, की इंग्रजीच्या शिक्षकांनी एक तास विज्ञानाच्या शिक्षकांकडून उसना घ्यावा आणि दोघांनी मिळून तो प्रयोगशाळेत घ्यावा. सामग्री फार थोडी लागते : दोन कोरड्या परीक्षानळ्या, चिमटा, दिवा आणि मोरचुदाचे काही निळे खडे. द्राक्षबागांच्या भागात बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरोघरी असतो. तो विषारी आहे, तेव्हा मुलांनी तो तोंडाजवळ नेऊ नये आणि नंतर हात धुवावेत. नळी तापवताना तिचे तोंड किंचित खाली झुकलेले आणि मुलांपासून दूर असावे, नाहीतर वर जमलेले पाण्याचे थेंब उलट ओघळून गरम काच तडकते.

दोन्ही नळ्यांत थोडे थोडे खडे घाला. दिवा पेटवण्यापूर्वी मुलांना विचारा, तापवले तर काय होईल? येथे कोणालाच अजून काही माहीत नाही. घडेल किंवा घडणार नाही, दोन्ही दारे उघडी आहेत. हे भाकीत झाले, आणि भाकिताचे इंग्रजी वाक्य पहिल्या प्रकारचे : 'इफ वुई हीट द क्रिस्टल्स, दे विल टर्न व्हाइट.'

या वाक्यात मराठी मुलाचा पाय दोन ठिकाणी घसरतो. काही मुले 'इफ वुई विल हीट' असे लिहितात, काही 'इफ वुई हीटेड' असे. शिक्षक दोघांनाही सारखाच लाल शेरा देतात, पण दोघांची कारणे निराळी आहेत आणि दोन्ही विचारपूर्वक आलेली आहेत. पहिला मुलगा म्हणतो, गोष्ट उद्याची आहे, उद्याला 'विल' लागते. दुसरा आपल्या मातृभाषेशी इमानी आहे. मराठीत आपण म्हणतो, 'पाऊस आला तर सहल रद्द होईल.' पाऊस अजून आलेला नाही, उद्या येणार की नाही हेही ठाऊक नाही, तरी आपण 'आला' असे भूतकाळाचे रूप वापरतो! 'येईल तर' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे अटीच्या वाक्यात भविष्यकाळ वापरायचा नाही, या बाबतीत दोन्ही भाषा एकमताच्या आहेत. त्याऐवजी काय वापरायचे एवढ्यापुरताच मतभेद : इंग्रजी वर्तमानकाळ वापरते, मराठी भूतकाळ. ही गोष्ट फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवली तर पाच मिनिटांत समजते. नुसते 'चूक' म्हटल्याने ती दहावीपर्यंत समजत नाही, हा अनुभव आहे.

आता एक नळी तापवा. खड्यांतील पाणी वाफ होऊन नळीच्या थंड भागावर थेंबांच्या रूपाने जमते आणि निळे खडे पांढुरके, भुसभुशीत होत जातात. नळी थंड झाल्यावर त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. निळा रंग परत येतो. हे दोनतीन गटांनी करून पाहिले, की भाकिताचा नियम होतो आणि वाक्यातून 'विल' गळून पडते : 'इफ यू हीट ब्लू व्हिट्रिऑल, इट टर्न्स व्हाइट.' मराठीत, तापवला की पांढरा होतो. 'विल' का गेले, हे मुलांना डोळ्यांनी दिसलेले असते.

दुसऱ्या प्रकारासाठी नळीकडे बोट दाखवून विचारावे, ही साखर असती तर? ती साखर नाही, हे सगळ्यांना दिसते आहे. अट आताची आहे, पण ती खोटी आहे हे माहीत असूनच आपण ती धरून चालतो. इंग्रजी म्हणते, 'इफ धिस वेअर शुगर, इट वुड टर्न ब्लॅक.' बोलतो आहोत आताविषयी आणि रूप मात्र भूतकाळाचे. इंग्रजीने येथे भूतकाळ वापरला आहे तो वेळ दाखवायला नव्हे, तर अंतर दाखवायला. जे आज माझ्यापासून लांब आहे ते कालच्या रूपात बोलायचे. हिंदीतही 'होता', 'आता' या रूपांनी असेच काम होते. 'वेअर' हे 'आय'बरोबरही का चालते, असे हुशार मुले विचारतात. इंग्रजीत एके काळी अशा कल्पित गोष्टींसाठी क्रियापदाची वेगळी रूपे होती. बाकीची झिजून गेली आणि हे एक तेवढे उरले, असे त्यांना सांगावे.

तिसऱ्या प्रकारासाठी आपण दुसरी नळी राखून ठेवली आहे. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी मराठीच्या एका खोडीकडे लक्ष द्यायला हवे, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत मुलांचा जो गोंधळ होतो त्याचे उत्तर तेथे आहे.

'आज माझ्याकडे पाचशे रुपये असते तर मी हे पुस्तक घेतले असते.' 'काल माझ्याकडे पाचशे रुपये असते तर मी ते पुस्तक घेतले असते.' दोन्ही वाक्यांतील क्रियापदे पाहा. काडीचाही फरक नाही. आजचे की कालचे, हे मराठी 'आज' आणि 'काल' या शब्दांवर सोपवते. इंग्रजी हेच क्रियापदात गुंफते : आजसाठी 'इफ आय हॅड... आय वुड बाय', कालसाठी 'इफ आय हॅड हॅड... आय वुड हॅव बॉट'. तेव्हा 'माझ्याकडे पैसे असते तर मी पुस्तक घेतले असते, इंग्रजीत भाषांतर करा' हा प्रश्न अपुरा आहे. त्याची दोन उत्तरे बरोबर आहेत, आणि एकाच उत्तराला गुण देणारा तपासनीस मुलावर अन्याय करतो. सरावासाठी वाक्ये देताना आज-काल घालूनच द्यावीत, एवढ्याने निम्मा गोंधळ मिटतो.

येथे एक प्रश्न मनात येतो. जी भाषा हा भेद क्रियापदात दाखवत नाही, ती बोलणाऱ्यांना तो भेद विचारातही जड जात असेल काय? चिनी भाषेच्या बाबतीत हा वाद गाजला आहे. आल्फ्रेड ब्लूम या अमेरिकी अभ्यासकाने १९८१ साली असे मांडले, की चिनी भाषेत 'असते तर' अशा कल्पित अटीसाठी खास रूपे नसल्यामुळे चिनी भाषकांना तशा प्रकारचा विचार करणे अवघड जाते. त्याने त्यांना वाचायला एक गोष्ट दिली होती. बीअर नावाच्या युरोपीय तत्त्वज्ञाला चिनी येत नव्हते, ते आले असते तर त्याने अमुक केले असते, तमुक केले असते, अशी ती गोष्ट. पुष्कळांना बीअरने ते खरोखर केले असेच वाटले. १९८३ साली टेरी आऊ या संशोधिकेने हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांवर तपासणी केली. चिनी भाषेच्या वळणाने लिहिलेल्या गोष्टी दिल्यावर त्यांना मुळीच अडचण आली नाही. दोष वाचणाऱ्यांच्या बुद्धीत नव्हता, तो बराचसा गोष्टीच्या ओबडधोबड चिनी भाषेत होता.

आम्हाला हा प्रसंग वारंवार आठवतो तो आपल्या प्रश्नपत्रिका पाहताना. 'पदार्थास उष्णता दिली असता त्याच्या कणांच्या गतिज ऊर्जेवर काय परिणाम होईल?' या प्रश्नापुढे थांबलेले मूल विज्ञानात कच्चे आहे, की त्या वाक्यात अडकले आहे? कारण हेच मूल मराठीच्या तासाला 'मला पंख असते तर' या विषयावर तीन पाने लिहून देते. 'परीक्षा नसत्या तर' यावर तर विचारूच नका! आणि 'मी पंतप्रधान झालो तर' व 'मी पक्षी असतो तर' या दोन शीर्षकांतला फरक त्याला न शिकवता कळतो. पहिल्यात आशा शिल्लक आहे, दुसऱ्यात नाही. इंग्रजीतला पहिला आणि दुसरा प्रकार यांच्यातला फरक तोच आहे. व्याकरणाच्या तासाला निबंधाची वही उघडली तर उदाहरणे आयतीच हाती येतात.

आता दुसरी नळी. ती आपण तापवलीच नाही, आणि खडे अजून निळे आहेत. पहिल्या नळीविषयी आपण म्हणतो, 'इफ वुई हॅड नॉट हीटेड इट, इट वुड हॅव स्टेड ब्लू.' तापवली नसती तर ती निळीच राहिली असती. पण हे आपल्याला कशावरून कळले? ती नळी तर आपण तापवून बसलो. न तापवलेली तीच नळी पाहणे आता कोणालाही शक्य नाही. कदाचित ते खडे नुसते हवेत ठेवूनही इतक्या वेळात पांढरे झाले असते! 'असते तर'चे वाक्य कधीच प्रत्यक्ष पाहता येत नाही, कारण ते न घडलेल्या जगाविषयी असते. म्हणून आपण त्याच खड्यांची, तेवढ्याच मापाची दुसरी नळी बाजूला ठेवतो आणि तिला पहिलीच्या न घडलेल्या आयुष्याची जागा घ्यायला सांगतो. विज्ञानात जिला नियंत्रित प्रयोग म्हणतात तो हाच. नवे औषध रोग्यांच्या एका गटाला देतात आणि दुसऱ्याला देत नाहीत, ते याच कारणाने. 'औषध घेतले आणि ताप उतरला' एवढ्याने भागत नाही. 'घेतले नसते तर उतरला नसता' हे वाक्य हवे असते, आणि ते उच्चारण्याचा अधिकार दुसरा गटच देतो.

व्याकरणाच्या बाजूने येथवर आल्यावर तर्काच्या बाजूचे एक दुखणे सोडून चालणार नाही. वडील मुलाला म्हणतात, 'पहिला आलास तर सायकल घेईन.' मुलगा लगेच समजतो, की पहिला नाही आलो तर सायकल नाही. वडिलांनी तसे म्हटलेले नाही, पण त्यांच्या मनात तेच आहे, आणि मुलगा बरोबर समजला. अशा अनुमानाला मायकेल गाइस आणि आर्नल्ड झ्विकी या भाषावैज्ञानिकांनी १९७१ साली 'आमंत्रित अनुमान' म्हटले. वाक्यात ते नसते, पण वाक्य त्याला घरी बोलावते. घरात, बाजारात हे ठीक आहे. प्रयोगशाळेत हा पाहुणा घात करतो.

'कार्बन डायऑक्साइड सोडला तर चुन्याची निवळी दुधाळ होते.' निवळी दुधाळ झाली, तेव्हा वायू कार्बन डायऑक्साइडच, असे मुले लिहून मोकळी होतात. सल्फर डायऑक्साइडनेही ती दुधाळ होते. आपल्या पांढऱ्या मोरचुदाचेही तसेच. त्यावर शुद्ध पाणी टाकले तर तो निळा होतो. निळा झाला म्हणून पाणी शुद्ध? मिठाच्या पाण्यानेही तो निळा होतो. पाणी आहे एवढेच त्यावरून ठरते. अट आणि परिणाम यांची अदलाबदल केली, की खऱ्या वाक्यातून खोटे वाक्य जन्मते.

परीक्षेतला 'अनलेस'चा प्रश्नही या खड्ड्याच्या काठावर उभा असतो. 'इफ नॉट'च्या जागी 'अनलेस' घालणे हा रूपांतराचा नेहमीचा प्रश्न. 'तापवल्याशिवाय मोरचूद पांढरा होत नाही' हे वाक्य ऐकायला 'तापवला तर पांढरा होतो' याचाच दुसरा अवतार वाटते. पण ते वेगळे विधान आहे, आणि असत्य आहे. तीव्र गंधकाम्ल त्यातील पाणी शोषून घेते आणि दिव्याशिवायही तो पांढरा होतो. व्याकरणदृष्ट्या निर्दोष 'अनलेस' येथे रसायनशास्त्रात नापास होतो.

हा तर्क माणसाला जात्याच जड आहे काय, याची एक प्रसिद्ध कसोटी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन याने १९६६ साली मांडली. तिचे आपल्या वर्गासाठी रूप असे करता येईल. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वर दिसतात ते अ, क, ४ आणि ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. हा नियम पाळला आहे की नाही हे ठरवण्यास कोणते पत्ते उलटून पाहिलेच पाहिजेत? बहुतेक जण 'अ' आणि '४' म्हणतात. बरोबर उत्तर 'अ' आणि '७'. चारच्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर केलेल्या अशा प्रयोगांत शेकडा दहांनाही हे जमले नाही. शिक्षकांच्या शिबिरात आम्ही हा प्रश्न ठेवतो तेव्हा सभागृहात पडणारी शांतता आम्हाला परिचयाची झाली आहे. आम्ही स्वतः प्रथम चुकलो होतो, हेही सांगून टाकतो.

आता नियम बदलू. 'आम्ल हाताळत असेल तर चष्मा लावलाच पाहिजे.' एक मुलगी आम्ल हाताळते आहे. एक मुलगा पाणी मोजतो आहे. तिसऱ्याने चष्मा लावला आहे. चौथ्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही. तिसरा आणि चौथा काय हाताळतात ते येथून दिसत नाही. कोणाला तपासाल? एकही शिक्षक चुकत नाही : पहिली आणि चौथा. कोडे तेच आहे, पत्ते फक्त माणसे झाली. अमेरिकेत १९८२ साली ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी बिअर पिणाऱ्याच्या वयाच्या नियमावर असाच प्रयोग केला, तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी अचूक उत्तर दिले. असे का होते, याविषयी मानसशास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत. शिक्षकाला त्यातून घेण्यासारखे इतके, की कोरड्या 'प तर फ'पेक्षा ओळखीचा, मोडता येण्याजोगा नियम आधी द्यावा.

इतिहासात थोरामोठ्यांनाही 'तर'ने चकवले आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असती तर वर्षभरात ताऱ्यांची स्थाने किंचित सरकलेली दिसली असती. टायको ब्राहे याला ती सरकलेली दिसली नाहीत आणि पृथ्वी स्थिर आहे, असे त्याने मानले. तर्काचा आकार निर्दोष आहे : परिणाम नाही, म्हणून अट खोटी. पण वाक्यात एक मुकी अट दडली होती, 'आणि तारे फार दूर नसते तर'. ब्राहेची उपकरणे सुमारे एका कलेपर्यंतचा कोन मोजत. १८३८ साली बेसेलने हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे सरकणे अखेर मोजले, तेव्हा तो कोन निघाला विकलेच्या एक तृतीयांशाएवढा, म्हणजे ब्राहेच्या आवाक्याच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका. मुलांना 'इफ'चे वाक्य दिले, की त्यात आणखी कोणते मुके 'इफ' दडले आहेत ते शोधायला लावावे. 'इफ यू हीट वॉटर टु हंड्रेड डिग्रीज, इट बॉइल्स' यात किमान एक आहे, आणि तो महाबळेश्वरच्या मुलांनी लवकर शोधायला हवा.

आमच्या निबंधाचे पुढे काय झाले? ते वाक्य आम्ही दुरुस्त करून 'व्हेन द सॅम्पल वॉज हीटेड, इट लॉस्ट वेट' असे साधे केले. 'इफ' त्यातून गेलेच, कारण जे केले आणि पाहिले ते सांगायला अटीची गरजच नव्हती. निबंध स्वीकारला गेला.

प्रयोगशाळेतल्या त्या तासाचा शेवट एका शाळेत अनपेक्षित झाला. दुसऱ्या नळीविषयी तिसऱ्या प्रकारचे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले : 'इफ वुई हॅड हीटेड द सेकंड ट्यूब, इट वुड हॅव टर्न्ड व्हाइट टू.' मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, 'सर, पण ती नळी अजून आहे ना! आता तापवू या की.' बरोबर होते. 'काल' अजून झालाच नव्हता, दार उघडेच होते. आम्ही फळ्यावरचे वाक्य पुसून पहिल्या प्रकारचे लिहिले आणि चिमटा तिच्या हातात दिला.